गोड खाणाऱ्याला प्रेमाने काय म्हणायचं? खान्देशी नवे शब्द सुचवा

बोरीकाठची
मराठीत गोड आवडणाऱ्या माणसासाठी जे शब्द आहेत ते बहुतेक त्याला दटावणारे. गोडघाशा, हावरट, मुंगळा. लहानपणी डब्यात हात घातला की हेच कानावर पडायचं, आणि आता माझ्या मुलाच्याही पडतं. तिखट खाणाऱ्याचं मात्र आपल्याकडे केवढं कौतुक! शेवभाजीचा तांबडा रस्सा घाम पुसत ओरपणारा म्हणजे गडी. त्याच्या शेजारी बसून शांतपणे तिसरी सांजोरी घेणारा म्हणजे हावरा. हे मला पटत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना आंबा दाखवल्याशिवाय आमच्या घरात कोणी आंब्याला हात लावत नाही. म्हणजे बाजारात आंबा आल्यापासून आखाजीपर्यंत अख्खं घर थांबून असतं. इतक्या प्रेमाने वाट पाहणाऱ्या माणसांना एक चांगला शब्द नको का? म्हणून हा धागा. गोडाच्या आवडीसाठी नवे शब्द बनवू या. ऐकणाऱ्याला हसू आलं पाहिजे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगावं लागता कामा नये, आणि ज्याला म्हणाल त्याने दुसऱ्यांदा वाटी पुढे करायला लाजू नये.

माझ्याकडून दोन: आमरसिक (अर्थ सांगायला नको) आणि आखाजीच्या आधी रोज आढी उघडून बघणारा तो आंबाधीर.

पांझराकाठ
आमरसिक घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी लगेच स्वतःच्या नावापुढे लावून घेतला.

जिभाऊ शिरपूरकर
ताई, शब्द भारी शेतस. पन अहिराणीमा बी जोयजेत ना! आमनाकडे गूळले गूय म्हणतस, पोळीले पोयी. मंग ज्याले जेवन झाल्यावर बी गूयना खडा जोयजे, तो गुयपिसा. आनि जो पुरणनी पोयी दखीसन कामधंदा इसरस, तो पोयीभुल्या. मना आजला गुयपिसाच व्हता. शेतमा जातांना धोतरना सोगामा गूयना खडा बांधी लई जाये.

अमळनेरी
पोयीभुल्या! जिभाऊ, हा आमच्या घरात आजपासून लागू.

सातपुडा
थोडा वेगळा सूर लावतो. शब्द असे ठरवून, मागणी करून बनत नाहीत असं मला वाटतं. बहिणाबाई चौधरींचं बघा. १८८० साली असोद्यात जन्मलेली बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण शेतात, घरोट्यावर (जात्यावर), चुलीपुढे हात चालायचे आणि तोंडातून गाणी निघायची. त्या बाईचं नाव आज जळगावच्या विद्यापीठाच्या पाटीवर आहे. १९५१ साली त्या गेल्या, आणि मुलाने व जवळच्यांनी टिपून ठेवली म्हणून ती गाणी आपल्यापर्यंत आली. त्यांच्या बोलीत जोर आहे तो कामातून आलेला आहे. आपण इथे मोबाइलवर बसून दोन शब्द चिकटवले म्हणजे तसं होईल का?

आणि गोडाचे शब्द मराठीत आधीच किती आहेत. साखरझोप, साखरपुडा, साखरपेरणी, गूळपीठ, मनातले मांडे. आधी हे तर नीट वापरू या.

बोरीकाठची
सातपुडा दादा, तुमची यादीच माझी बाजू घेतेय. साखरझोपेत साखर नाही. साखरपेरणी म्हणजे कोणाला तरी खूश करायला बोललेलं गोड. गूळपीठ दोन माणसांचं जमतं, ताटात येत नाही. आणि मनातले मांडे तर न मिळणारेच मांडे! गोडाचं नाव घेऊन मराठी माणूस भलतंच काही बोलतो, खाणाऱ्याबद्दल बोलतच नाही. ज्याच्या ताटात खरोखरचा मांडा पडतो त्याला काय म्हणायचं ते सांगा.

राहता राहिला कामाचा प्रश्न. खाणं हेही कामाच्या जोडीनेच येतं. मांडे करणाऱ्या बाईच्या तोंडून शब्द आला तर तुम्हाला चालेल ना? खापरवाली मावशी कुठे आहेत?

खापरवाली
आले गं. शब्द आधी देते, मग बाकीचं. मांडखोर. मांड्यासाठी भांडतो तो. आमच्या पंक्तीत दोघे-तिघे हमखास असतात. पहिला मांडा खापरावरून उतरला की "इकडे, इकडे" सुरू.

सातपुडा भाऊ कामाचं म्हणाले म्हणून सांगते. मांड्याची खरी मेहनत पिठात आहे. गहू चांगला चिवट लागतो, पीठ वस्त्रगाळ, आणि मळणं इतकं की कणीक ओढली तर तुटायला नको. दोन पाऱ्या लाटायच्या, मध्ये पुरण ठेवायचं, कडा दाबून बंद करायच्या. थोडं लाटलं की पोळपाट संपला, पुढचं सगळं हातावर. या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत मांडा मोठा होत जातो, कोपरापर्यंत येतो. मग चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावर टाकायचा. टाकताना हात थांबला की मांडा फाटला. नवी मुलगी शिकायला बसली की तिचे फाटलेले मांडे घरातली पोरं खातात आणि पोरांना तेच जास्त आवडतात, कारण पुरण बाहेर येऊन खापरावर भाजलेलं असतं. त्या भाजक्या पुरणाला आम्ही काहीच म्हणत नाही. त्यालाही कोणीतरी नाव द्या.

पांझराकाठ
मावशी, खापरपुरण?

खापरवाली
बरं आहे. पण पोरांच्या तोंडी बसायला अजून छोटं हवं.

जिभाऊ शिरपूरकर
खपुरण.

खापरवाली
हां. हे चालेल.

अमळनेरी
मावशी, एक विचारू? पुरणात गूळ की साखर? आमच्याकडे यावरून माहेर-सासर असं वर्षानुवर्षं चालू आहे.

खापरवाली
आमच्याकडे साखर. साखरेचं पुरण सैल होत नाही, मांडा पातळ निघतो आणि रंग उजळ राहतो. गुळाचं चवीला वरचढ असतं हे मान्य, पण ते पाणी सोडतं. गूळ घ्यायचाच तर पुरण चांगलं आटवून घ्यावं लागतं.

जिभाऊ शिरपूरकर
गूयच! मावशी, येवढी एक गोट सोडीसन तुमनं बठ्ठं मान्य.

नंदुरबारी
धागा मांड्यांवर चाललाय, जरा आमच्याकडे पण बघा. नंदुरबार म्हटलं की लोकांना मिरचीच आठवते. सीझनमध्ये गावाबाहेर पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते, जाता-येता शिंका. त्याच गावात सकाळी फाफड्याबरोबर गरम जिलेबी खाणारी माणसंही आहेत, गुजरात पलीकडेच असल्यामुळे ती सवय इकडे कधीचीच रुजली. तर माझा शब्द: पाकबंबाळ. जिलेबी खाताना मनगटापर्यंत पाक ओघळलेला, शर्टावर दोन थेंब, आणि चेहऱ्यावर समाधान, असा माणूस. माझा धाकटा भाऊ दर रविवारी पाकबंबाळ होऊन घरी येतो.

तापीचा पोऱ्या
पाकबंबाळवर आख्खं ऑफिस हसलं. माझ्याकडून तीन घ्या:
पुरणपोळीच्या दिवशी ताटावरून उठायला तयार नसलेले आजोबा म्हणजे पुरणपुरुष.
"साखर कमी, तूप जास्त" म्हणणारा तुपाळू.
आणि घरी आला की ज्याच्या नावाने सगळ्यांना गोड मिळतं तो मधुमेहुणा.

गिरणामाई
तापीचा पोऱ्या, तिसऱ्या शब्दापाशी मी थांबले. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. आमच्या घरात सणाच्या दिवशी डबे उंच फळीवर जातात, आणि ज्याने जन्मभर सगळ्यांना आग्रह करून वाढलं तो माणूस मान खाली घालून जेवतो. पाहुणे येतात आणि "काय अप्पा, चोरून खाता की नाही?" असं हसत विचारतात. त्यांना ते लागतं. शब्दखेळ मला आवडतात, पण आजाराचं नाव घेऊन माणसाला चिकटेल असा शब्द नको.

तापीचा पोऱ्या
ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. माझ्या डोक्यात आमचे भाऊजी होते. ते यायचे म्हटलं की आई बासुंदी आटवायला ठेवते, म्हणून आम्ही पोरं त्यांची वाट बघतो. हा शब्द फक्त पाहुण्या मेहुण्यासाठी, तोही त्याच्या येण्याने घर गोड होतं म्हणून. आजारी माणसासाठी कोणीच वापरायचा नाही, हे इथे ठरवून टाकू.

गिरणामाई
या अर्थाने छान आहे. ठेवा.

बोरीकाठची
गिरणामाई, बरं झालं बोललात. ज्यांना गोड आवडतं पण आता खाता येत नाही, त्यांच्यासाठीही एक मानाचा शब्द करू या का? अप्पांसारखी माणसं स्वतः खात नाहीत, पण पुरण शिजलं की नाही ते नुसत्या वासावरून सांगतात. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे विचारायला बायका अजून त्यांनाच बोलावतात.

सातपुडा
पाकपारखी.

गिरणामाई
सातपुडा दादा, हा मी आज वडिलांना सांगणार.

आहारताई
मी आहारतज्ज्ञ आहे, जळगावलाच काम करते, म्हणून एक माहितीची गोष्ट. पोटभर जेवल्यावरही गोडासाठी जागा कशी उरते, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. यात हावरेपणा नाही. जेवताना एकच चव बराच वेळ घेतली की त्या चवीची ओढ कमी होत जाते, पण जी चव अजून घेतलीच नाही तिची ओढ तशीच राहते. भाकरी-भरीत नको झालेलं असतं तेव्हा शरीर त्या चवीला कंटाळलेलं असतं, शिऱ्याला नाही. म्हणून "आता घासभरही नको" म्हणणारा माणूस वाटीभर आमरस सहज घेतो.

त्या राखून ठेवलेल्या जागेसाठी माझा शब्द: गोडकप्पा. आणि गिरणामाईंच्या वडिलांबद्दल: सणाच्या दिवशी काय आणि किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना सणाच्या आधी विचारून घ्या. पुष्कळदा त्या दिवशीच्या भाकरी-भाताचं प्रमाण बदलून थोडं काही बसवता येतं. डबा फळीवर ठेवण्यापेक्षा हे बरं.

अमळनेरी
गोडकप्पा आधीपासूनच होता असं वाटावं इतका सरळ शब्द आहे.

भुलाबाईची लेक
कोणी भुलाबाईची आठवण कशी काढली नाही? भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी घरोघर मुलींची गाणी, आणि गाणी संपली की बंद डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा उघडायच्या आधी हलवून दाखवतात. खडखडलं तर शेंगदाणे किंवा चणे, खसखसलं तर साखर-खोबरं, काहीच वाजलं नाही तर शिरा किंवा केळं. ज्या घरची काकू हुशार, ती डब्यात रुमाल कोंबायची म्हणजे आवाजच येऊ नये. आमच्या टोळीत एक मुलगी होती, ती डब्याला हात लावून गरम की गार एवढ्यावर सांगायची. तिला आम्ही तेव्हा काही नाव दिलं नव्हतं, आज देते: डबाज्योतिषी. आणि जिच्या घरी सगळ्यात न ओळखता येणारा खाऊ असायचा ती काकू म्हणजे आमची खिरापती, सेनापतीच्या थाटात.

सातपुडा दादांना सांगायचं म्हणजे, खाऊ ओळखायचा हा खेळच होता. पोरींनी तेव्हाही नावं पाडली असतील, फक्त कोणी लिहून ठेवली नाहीत.

सातपुडा
हे खरं. माझ्या बहिणी खेळायच्या, मी दाराआडून बघायचो. मुलांना आत घेत नसत, पण खिरापत मिळायची. त्या खिरापतीसाठी दाराआड उभ्या राहणाऱ्या भावांना काय म्हणाल?

भुलाबाईची लेक
दारखाऊ!

वरणगावकर
कानबाईचा रोट विसरू नका. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खान्देशातली देवी, घरी बसते. आमच्या भाऊबंदांत घरातल्या पुरुष माणसांच्या नावाने गहू मोजून घेतात आणि त्या पिठाचा रोट होतो. तो घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचा, पौर्णिमेच्या आत संपवायचा. बरोबर खीर, पुरणपोळी, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी. पहिल्या दिवशी सगळे उड्या मारतात, शेवटी उरतो तो एखादा शांत चुलतभाऊ, जो रोज थोडा थोडा रोट दुधात कुस्करून संपवतो आणि घराचा नेम पाळतो. तो रोटकरी. वारकऱ्याइतकाच नेमाचा माणूस आहे तो.

पांझराकाठ
आमच्याकडे ते काम आत्याकडे. रोटकरीण.

पुण्यातला भुसावळकर
मी पुण्यात, त्यामुळे हा धागा वाचताना पोटात कालवून राहिलं. इथे सगळं मिळतं, दराबा मिळत नाही. "दराबा म्हणजे काय?" असं विचारलं की मी सांगतो, गव्हाच्या रव्याचा लाडू, पण तोंडात टाकल्यावर चावावा लागत नाही. तेवढ्याने कोणाला कळत नाही. गावाकडून कोणी येणार असलं की आई डबा पाठवते, आणि मग आम्ही आठ-दहा खान्देशी पोरं एका खोलीत जमतो. त्या बैठकीला आम्ही नाव दिलंय दराबार, आणि बसणारे सगळे दराबारी. हे इथे सुचलेलं नाही, खोलीत आधीपासून चालू आहे. म्हणजे सातपुडा दादा, हा शब्द कामातूनच आला असं म्हणायला हरकत नाही.

सातपुडा
हा शब्द मला सगळ्यात जास्त आवडला. दराबारात कधी बोलावताय?

ठेचाप्रेमी चोपडा
मला गोड आवडत नाही. पंक्तीत जिलेबी आली की मी पानावर हात आडवा धरतो आणि सगळे माझ्याकडे आजारी असल्यासारखं बघतात. गोडवाल्यांना दटावतात म्हणता, जरा आमच्यासारख्यांचं लग्नाच्या पंगतीत काय होतं तेही बघा. वाढणारा ऐकतच नाही. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी एवढ्यावर मी जन्म काढायला तयार आहे. आम्हालाही काही नाव द्या.

नंदुरबारी
भाऊ, तुम्ही शेवभक्त. मान मोठा आहे.

ठेचाप्रेमी चोपडा
घेतला!

भुलाबाईची लेक
आणि हात आडवा धरल्यावरही बोटांच्या फटीतून जिलेबी सोडणारा वाढपी? तो आग्रहदूत. त्याच्याशिवाय खान्देशातलं लग्न पार पडत नाही.

बोरीकाठची
आज सासूबाईंजवळ बसून सगळे शब्द वाचून दाखवले. समजावून न सांगता कोणते कळतात ते बघायचं होतं. मांडखोर, पोयीभुल्या, गोडकप्पा, दारखाऊ लगेच कळले. दारखाऊवर तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, त्यांचा भाऊ तसाच होता म्हणे. पुरणपुरुष दोनदा म्हणावा लागला. आमरसिक त्यांना "आमरस शिक" असा ऐकू आला, आणि "त्यात शिकायचं काय?" असं विचारलं. तो कानापेक्षा डोळ्यांसाठी बरा, लिहायला ठेवू.

मग त्यांनीच एक दिला. ज्याला आग्रह करावा लागत नाही, वाढलं ते आनंदाने खातो आणि करणाऱ्या बाईकडे बघून मान हलवतो, तो गोडमान्या. त्यांच्या मते गोड करणाऱ्या बाईला असा एक माणूस पंक्तीत असला की बस. नातू आता शाळेतून आला तर त्याला "गोडमान्या, हात धू" अशी हाक गेली. मुलाने विचारलंसुद्धा नाही काय म्हणून, सरळ हात धुवायला गेला.

जिभाऊ शिरपूरकर
गोडमान्या! आजीले मना रामराम सांगजा. आम्ही बी आते हाऊच शब्द वापरसूत.

तापीचा पोऱ्या
पुण्यातला भुसावळकर, आईला विचारून दराब्याची रीत टाका ना. आमच्याकडे तो मामाकडून येतो, घरी कोणी करत नाही.

पुण्यातला भुसावळकर
आत्ताच फोन केला. गहू ओलवून, सुकवून बारीक रवाळ दळायचे. रवा तुपावर मंद आचेवर भाजायचा आणि पूर्ण गार होऊ द्यायचा, घाई करायची नाही. मग परातीत पिठीसाखर आणि तूप घालत घालत हाताने फेसत राहायचं. आई म्हणते खरा दराबा इथेच होतो. मिश्रण हलकं होत जातं, रंगही फिका पडतो. हात दुखायला लागला की अजून अर्धं काम बाकी आहे असं समजायचं. शेवटी वेलची. घट्ट दाबून वळायचा नाही, नाहीतर फेसलेलं सगळं वाया.

अमळनेरी
फेसायला आमच्या घरातला मांडखोर बसवते. खापरवाली मावशी, आखाजीच्या आधी एक दिवस मांडे बघायला येऊ का तुमच्याकडे?

खापरवाली
ये ना. पण सकाळी लवकर ये, कणीक मळायला माणूस हवंच आहे मला. आणि येताना गुळाचं पुरण तुझ्याकडून आण, जिभाऊंनाही बोलवू, दोन्ही मांडे एकाच खापरावर टाकू.

जिभाऊ शिरपूरकर
मी येस. गूय मी लई येस.